गाय हेच चलन असलेल्या समाजात पात्रांची संपत्ती आणि प्रतिष्ठा कशी मोजावी?

आडवाट

नमस्कार. आमच्या गटाचे नवे टेबलटॉप रोलप्लेइंग कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रे रंगवण्याच्या खेळाची सलग मालिका, लवकरच सुरू होत असून गेममास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. स्थळ दक्षिण आयर्लंडमधला मुन्स्टर प्रांत, काळ इसवी सन 700 च्या आसपासचा आणि नियमपद्धती गर्प्स (GURPS) या नियमावलीची चौथी आवृत्ती. त्या काळी आयर्लंडमध्ये टूअथ नावाची छोटी छोटी राज्ये होती. इतिहासकारांच्या अंदाजाने एका वेळी दीडशेच्या आसपास राजे नांदत असत आणि एकेका राजाच्या हाताखाली फार तर काही हजार माणसे असत. नाणी नव्हती, आयर्लंडमध्ये पहिली नाणी पाडली ती डब्लिनच्या नॉर्स राजाने, आणि तीही दहाव्या शतकाच्या अखेरीस. बाजारपेठ म्हणावी तर ठरावीक काळाने भरणारे मेळे आणि मोठ्या मठांभोवतालच्या वस्त्या, एवढेच.

अडचण पात्रे तयार करतानाच उभी राहिली. गर्प्समध्ये संपत्ती (वेल्थ) आणि प्रतिष्ठा (स्टेटस) या दोन वेगळ्या गोष्टी पात्र घडवण्यासाठी मिळालेले गुण खर्चून विकत घ्याव्या लागतात. मी तंत्रपातळी 3, म्हणजे मध्ययुगीन तंत्रज्ञान, धरल्यामुळे प्रत्येकाला सुरुवातीला 1000 डॉलर मिळतात. एका खेळाडूने 20 गुण देऊन ‘वेल्दी’ (श्रीमंत) ही संपत्तीची पायरी घेतली, त्यामुळे त्याच्या हातात पाचपट, म्हणजे 5000 डॉलर आले, स्टेटसची एक पायरीही त्याबरोबर फुकट मिळाली, आणि तो तलवार, साखळीचे चिलखत व चार भाडोत्री भालाईत अशी यादी करून मोकळा झाला. दुसऱ्या खेळाडूला लहानसा सरदार रंगवायचा आहे, म्हणून तिने 10 गुणांत स्टेटस 2 घेतले आणि संपत्ती सर्वसाधारण ठेवली. नियमपुस्तकात स्टेटस 2 च्या राहणीचा खर्च महिन्याला 3000 डॉलर दिलेला असल्याने तिचा सरदार पहिल्याच महिन्यात कंगाल होणार आहे. तिसऱ्याला कवी व्हायचे आहे आणि त्याने दोन्हींपैकी काहीच घेतलेले नाही.

ज्या समाजात डॉलर तर सोडाच, चांदीचा तुकडाही रोजच्या व्यवहारात फारसा दिसत नव्हता, तिथे हे आकडे ठेवावेत की काढून टाकावेत? संपत्ती आणि प्रतिष्ठा यांचे एकच वैशिष्ट्य करावे का? आपल्यापैकी कोणी अशा काळातले कॅम्पेन चालवले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

गोधन

डॉलर काढू नका, पण ते कुठे ठेवलेले आहेत ते बदला. आपल्या पहिल्या खेळाडूने संपत्ती म्हणजे स्वतःजवळ असलेला माल असे धरले आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये मोठ्या माणसाची संपत्ती बहुतांशी दुसऱ्याच्या गोठ्यात असे. सरदार आपल्या गाई शेतकऱ्यांना देई, आणि त्यांच्या बदल्यात दरवर्षी ठरलेला खंड घेई: वासरू, खारवलेले मांस, लोणी, सातू, शिवाय कापणीच्या वेळी मजुरी आणि हिवाळ्यात सरदार आपल्या माणसांसह दारी आला तर मेजवानी. आपल्याकडे खेडेगावात शेळी किंवा गाय अर्धेलीने सांभाळायला देतात, त्या व्यवहाराची कल्पना केली तर खेळाडूंना हे लवकर उमगते. फरक इतकाच, की तिथे जनावराबरोबर माणसाची निष्ठाही बांधली जाई. अशा माणसाला मी पुढे सरदाराचे कूळ म्हणतो.

कुळे दोन प्रकारची असत. एक स्वतंत्र कूळ: ते सरदाराच्या लवाजम्यात चाले, खंड देई, आणि त्याला नाते तोडून बाहेर पडता येई. दुसरे बांधील कूळ: याला सरदार गाईंशिवाय त्याच्या मानमूल्याइतकी आणखी एक रक्कम आगाऊ देई. मानमूल्य म्हणजे त्या माणसाची अब्रू दुखावली तर द्यावी लागणारी भरपाई. ती रक्कम एकदा स्वीकारली, की कुळाच्या अब्रूत सरदाराची भागीदारी झाली आणि त्या कुळाला कोणी इजा केली तर भरपाईचा काही वाटा सरदाराकडे जाऊ लागला. म्हणून आपल्या दुसऱ्या खेळाडूच्या सरदाराला आधी विचारा, की तुझी कुळे किती. 700 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘क्रिथ गव्लख’ या कायदेग्रंथात सर्वांत खालच्या सरदाराला, म्हणजे आरे देसो या दर्जाच्या माणसाला, दहा कुळे सांगितली आहेत: पाच स्वतंत्र, पाच बांधील. त्यापेक्षा वरच्या प्रत्येक पायरीला कुळांची संख्या वाढत जाते.

आता आकडे. हिशोब दुभत्या गाईत होई. अर्ध्या गाईच्या मोलाचे एक एकक होते, त्याला शेद म्हणत. तीन गाईंच्या मोलाचे मोठे एकक कुमल. वेगवेगळ्या ग्रंथांत हे प्रमाण थोडे बदलते, पण खेळासाठी एवढे पुरे. त्याच कायदेग्रंथात ओगारे या लहान शेतकऱ्याकडे सात गाई, सात डुकरे, सात मेंढ्या आणि एक घोडा असतो; बोआरे या बऱ्या शेतकऱ्याकडे बारा गाई असतात आणि नांगर, भट्टी, गिरणी यांत वाटा असतो. आमच्या टेबलावर मी एक दुभती गाय म्हणजे 100 डॉलर असा भाव ठरवला आहे. तो माझा संकेत आहे, इतिहासातला दर नाही. मात्र त्याने बरेच काही जुळून येते. सर्वसाधारण 1000 डॉलरमध्ये ओगारेचे सगळे घरदार बसते. ‘कम्फर्टेबल’ या त्यावरच्या पायरीच्या 2000 मध्ये बोआरे बसतो. नियमपुस्तकातला 40 डॉलरचा भाला अर्ध्याहून कमी गाईत येतो, त्यामुळे तो प्रत्येकाजवळ असतो. 600 डॉलरची टोचणारी तलवार सहा गाईंची होते, म्हणजे ओगारेचा जवळजवळ सगळा गोठा. तलवार कोणाच्या कमरेला दिसावी आणि कोणाच्या दिसू नये हे मग तुम्हाला सांगत बसावे लागत नाही.

राहता राहिला 80 आणि 20 टक्क्यांचा नियम. गर्प्सच्या मते स्थायिक पात्राने सुरुवातीच्या संपत्तीतला पंचमांश भाग साहित्यावर खर्च करावा आणि उरलेला घरदार वगैरेंत अडकलेला समजावा. हा नियम बहुतेक गट वाचून सोडून देतात. इथे तो कॅम्पेनचा कणा आहे. आपल्या ‘वेल्दी’ खेळाडूच्या 5000 पैकी 4000, म्हणजे चाळीस गाई, इतरांच्या गोठ्यात आहेत असे लिहून घ्या आणि त्या कोणाकडे आहेत ती नावे त्याच्याकडूनच घ्या. हातात राहतात 1000 डॉलर. भाडोत्री भालाईत यादीतून जातील, कारण त्याची कुळेच त्याचे भालाईत आहेत, आणि ती पगार घेत नाहीत; ती लक्षात ठेवतात.

महिन्याचा राहणीखर्च मात्र सरळ काढून टाका. स्टेटस 0 च्या माणसाला महिन्याला 600 डॉलर म्हणजे सहा गाई लागणार असतील तर सात गाईंचा ओगारे दुसऱ्या महिन्यात संपला. त्याऐवजी वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडाशी, जमाखर्च मांडा: किती खंड आला, किती पाहुणे जेवले, किती वासरे जगली.

स्टेटसच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. नियमपुस्तकातली शिडी मोठ्या सामंतशाही राज्याची आहे आणि तिच्या टोकाजवळ राजा 7 वर बसतो. टूअथचा राजा एवढा मोठा नाही. मी त्याला 3 देतो, अनेक टूअथांवरच्या अधिराजाला 4, आणि कॅशेलच्या गादीवर बसणाऱ्या मुन्स्टरच्या राजाला 5. अंतर कमी ठेवले म्हणजे शेतकरी राजासमोर उभा राहून भांडू शकतो, आणि त्या समाजात तो भांडत असे.

उंबरठा

गोधन यांनी मांडलेला हिशोब चोख आहे, पण तो तसाच टेबलावर आणला तर तीन बैठकांत सगळे खेळाडू तलाठी होतील अशी मला भीती वाटते. चाळीस गाई कोणाकडे आहेत हे एकदा लिहून घेणे ठीक. दरवर्षी वासरे मोजणे मी तरी करणार नाही. शिवाय ‘क्रिथ गव्लख’ हे कायदेपंडितांनी आखलेले नीटनेटके चित्र आहे. त्यात ओगारेचे घर 19 फुटांचे आणि बोआरेचे 27 फुटांचे असते. प्रत्यक्षातली माणसे इतकी आखीव नसणार. त्या ग्रंथाकडे आकड्यांचे कोष्टक म्हणून पाहण्याऐवजी ती माणसे कशाला महत्त्व देत होती याची साक्ष म्हणून पाहावे असे मी सुचवीन.

त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा मानमूल्याचा होता. ओगारेचे तीन शेद, बोआरेचे पाच, आरे देसोचे दहा, टूअथच्या राजाचे सात कुमल म्हणजे एकवीस गाई. हा आकडा फक्त भरपाईपुरता नव्हता. माणसाला आपल्या मानमूल्यापलीकडचा करार स्वतःच्या जोरावर करता येत नसे. त्याहून मोठ्या रकमेसाठी तो जामीन राहू शकत नसे. न्यायसभेत दोन शपथा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या तर वरच्या माणसाची शपथ खालच्याच्या शपथेला झाकून टाकी. म्हणजे प्रतिष्ठा ही तिथे शोभेची वस्तू नसून व्यवहाराची मर्यादा होती, आणि गेममास्टरच्या हाती याहून चांगले हत्यार क्वचितच येते.

एक प्रसंग घ्या. ओगारे दर्जाच्या पात्राला शेजाऱ्याकडून चार गाईंचे घोडे घ्यायचे आहे. त्याच्याकडे तेवढ्या गाई आहेत, तरीही त्याचे मानमूल्य दीड गाईचे असल्याने केवळ त्याच्या शब्दावर सौदा पक्का होत नाही. त्याला दहा शेदांचा सरदार जामीन म्हणून आणावा लागेल. सरदार फुकट उभा राहणार नाही. आता घोडे मिळाले, पण एक उपकार अंगावर आला, आणि तो सरदार पुढच्या वसंतात तुमच्याच भावकीविरुद्धच्या खटल्यात तुमची साक्ष मागेल. मी पात्रपत्रकावर संपत्तीच्या रकान्याशेजारी दोन रकाने ठेवतो: ‘माझ्यावर कोणाचे उपकार’ आणि ‘माझे कोणावर’. या दोन रकान्यांतून जेवढी कथानके निघतात तेवढी गाईंच्या मोजणीतून निघत नाहीत.

मानमूल्य झटक्यात कमीही होई, आणि इथे गर्प्सच्या सवयीला मुरड घालावी लागते, कारण गुण देऊन घेतलेली गोष्ट गेममास्टरने काढून घेतली की खेळाडू नाराज होतात. पाहुण्याला दारातून परत पाठवणे, चोरीचे आहे हे माहीत असून अन्न खाणे, कवीने केलेली निंदा निमूटपणे सोसणे, दिलेला शब्द मोडणे, यांपैकी काहीही केले तर सरदाराची आणि राजाचीसुद्धा अब्रू उतरे. राजा कुऱ्हाड, फावडे किंवा मोगरी हाती घेऊन राबताना आढळला तर त्याला त्या वेळेपुरते सामान्य माणसाचे मानमूल्य लागू होई. कॅम्पेन सुरू होण्यापूर्वीच खेळाडूंना स्पष्ट सांगा, की स्टेटससाठी दिलेले गुण म्हणजे जन्माने मिळालेली जागा, आणि ती टिकवणे हा खेळाचा भाग आहे. ज्याला हा धोका नको त्याने ते गुण भाल्याच्या कौशल्यावर घालावेत.

दोन्ही वैशिष्ट्ये एकत्र करावीत का, या प्रश्नावर माझे उत्तर नाही असे आहे. गाई वाढल्या म्हणून माणूस लगेच सरदार होत नसे. शेतकऱ्याकडे सरदाराइतकी संपत्ती आली तरी तो शेतकऱ्यांतला सर्वांत वरचा. बापानंतर मुलगा आणि मुलानंतर नातू अशा तीन पिढ्या ती संपत्ती टिकली तर नातवाला सरदारकी. म्हणून ‘वेल्दी’बरोबर फुकट मिळणारी स्टेटसची पायरी आपल्या खेळाडूकडून काढून घ्या. तो नियम संपत्ती आणि प्रतिष्ठा एकमेकींना घट्ट जोडलेल्या जगांसाठी आहे. श्रीमंत पण सरदार न मानला जाणारा माणूस ही भूमिका त्याला आवडेल असे मला वाटते. त्याच्या आजोबांनी गाई कशा मिळवल्या हे विचारून पाहा.

शिलालेख

वरच्या दोन्ही प्रतिसादांत आपला तिसरा खेळाडू, म्हणजे कवी, बाजूला राहिला. फिली, म्हणजे तिथले कवी, हे केवळ गाणारे भाट नव्हते. वंशावळी, कायदा आणि राजस्तुती यांचे ते अभ्यासक होते, त्यांच्या सात पायऱ्या होत्या आणि सर्वांत वरच्या कवीचे मानमूल्य टूअथच्या राजाइतके, सात कुमल होते. गाय एकही नसली तरी. म्हणून त्याला गर्प्समधले ‘सोशल रिगार्ड’ (समाजाकडून मिळणारा मान) द्या, दर पायरीला 5 गुण, आणि स्टेटस त्याच्या विद्येच्या पायरीला बांधा. त्याचे शस्त्र निंदाकाव्य आहे: अन्यायाने कोणाची निंदा केली तर त्याला भरपाई द्यावी लागेल, आणि न्याय्य निंदा केली तर समोरच्याची अब्रू जाईल. कोणती निंदा न्याय्य, यावरच अख्खी बैठक रंगू शकते.

संपत्ती आणि प्रतिष्ठा वेगळ्या ठेवण्याचे आणखी एक कारण ब्रिउगु नावाचे पद आहे. हा मनुष्य कमालीचा श्रीमंत असे, पण त्याचा दर्जा कुळांवर अवलंबून नसे. येणाऱ्या प्रत्येकाला, कितीही वेळा आला तरी, जेवू घालण्यावर असे. चुलीवरचे भांडे कधी रिते नसावे आणि घर वाटा मिळतात तिथे असावे अशी अपेक्षा होती. एका पाहुण्याला नाही म्हटले की पद गेले. आपल्या ‘वेल्दी’ खेळाडूला घाईने प्रतिष्ठा हवीच असेल तर त्याला हा रस्ता दाखवा, आणि त्याच्या पात्राला व्रत म्हणून ती अट लावा. मग त्याच्या शत्रूंना त्याचा गोठा रिकामा करण्यासाठी भाले उचलावे लागणार नाहीत. दोनशे पाहुणे पाठवले की झाले.

दुबळ्याने बलवानाकडून येणे कसे वसूल करावे यासाठीही त्या समाजात एक रीत होती. राजा, वरचा कवी किंवा सरदार अशा प्रतिष्ठितांविरुद्ध दाद मागणारा त्यांच्या दारात उपाशी बसे. आपल्याकडची धरणे धरण्याची जुनी चाल आणि ही चाल यांतले साम्य एकोणिसाव्या शतकापासून कायद्याच्या इतिहासकारांनी नोंदवलेले आहे. उपोषण करणाऱ्याला तारण किंवा जामीन न देता जो आत बसून जेवला, त्याचे देणे दुप्पट होई. आणि उपोषणाकडे साफ पाठ फिरवणाऱ्याचा कोणावरचा कोणताही दावा पुढे ऐकला जात नसे. खेळाडूंच्या हाती हे देऊन पाहा. गर्प्समध्ये त्यासाठी नवा नियम लागत नाही. इच्छाशक्तीची चाचणी आणि बघ्यांची प्रतिक्रिया एवढ्यावर भागते.

एक गोष्ट पहिल्या बैठकीआधी गटाशी बोलून घ्यावी. कुमल या एककाचा मूळ अर्थ दासी असा आहे. तीन गाईंच्या हिशोबामागे माणसांचा व्यापार होता. आम्ही दासांचे अस्तित्व मान्य करतो, पण खेळाडूंनी त्यांची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम सर्वांच्या संमतीने ठेवला आहे. तुमच्या गटाला दुसरी मर्यादा हवी असेल, परंतु ती न ठरवता ‘तीन कुमल दंड’ असे सहज म्हणणे बरे नव्हे. 697 साली बिर येथील सभेत स्त्रिया, मुले आणि धर्मगुरू यांना युद्धातील हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा अनेक राजांच्या जामिनकीवर संमत झाला. तुमचे कॅम्पेन त्यानंतर लगेचचे आहे, तेव्हा हा वाद त्या काळच्या लोकांतही चालू होता असे दाखवता येईल.

आणि आपल्या दुसऱ्या खेळाडूला स्त्री-सरदार हवी असेल तर तिलाही जागा आहे. स्त्रीचे मानमूल्य सामान्यतः बापाच्या किंवा नवऱ्याच्या निम्मे धरत; पण भाऊ नसल्याने जमिनीची वारस झालेल्या स्त्रीने भूमिहीन माणसाशी लग्न केले तर मोजणी उलट होई, आणि नवऱ्याचे मोल तिच्या निम्मे ठरे. असा नवरा चौथ्या खेळाडूने घ्यावा अशी माझी जोरदार शिफारस आहे.

आडवाट

तिघांचेही मनापासून आभार. तूर्त असे ठरवतो: गोधन यांचा गाईचा भाव आणि 80 टक्के कुळांकडे ही मांडणी घेतो, वर्षाचा जमाखर्च अगदी मोघम ठेवतो, आणि मानमूल्य व उपकारांचे दोन रकाने पात्रपत्रकावर येतात. ‘वेल्दी’ खेळाडूला कळवले. तो आधी रुसला, मग आजोबांची कथा लिहायला बसला.

आता उरलेला प्रश्न लुटीचा. हे खेळाडू पूर्वी अंधारकोठड्या धुंडाळणारी कॅम्पेन खेळलेले आहेत. गुरांवर धाड घालण्याचा प्रसंग येणारच, आणि तीस गाई हाती लागल्या की ते त्या आपापसांत वाटून घेऊन घोडी आणि चिलखते घेणार. ती धाड संपत्तीचा सारा तोल बिघडवील अशी शंका वाटते.

गोधन

बिघडवू द्या, धाडीचा हेतूच तो असे. नव्या राजाने गादीवर आल्यावर शेजारच्या राज्यात धाड घालून आपली लायकी दाखवावी असा प्रघात होता, आणि आणलेल्या गुरांतून तो आपली कुळे वाढवी. परंतु गाय म्हणजे सोन्याचे नाणे नव्हे. ती पिशवीत मावत नाही, रात्री हंबरते, चिखलात रुतते, आणि मागून तिचा मालक माग काढत येतो. धाडीचा कठीण भाग गोठा फोडण्याचा नसून परतीच्या वाटेचा आहे. मी तीस गाईंचा कळप अंगावर घेऊन नदी ओलांडण्याला पूर्ण बैठक देतो, आणि किती गाई घरी पोहोचल्या हे गुरे हाकण्याच्या कौशल्यावर ठरवतो. सगळ्या पोहोचत नाहीत.

पोहोचलेल्यांवर पहिला हक्क राजाचा किंवा ज्या सरदाराच्या नावाने धाड घातली त्याचा. त्याचा वाटा किती हे आधीच ठरवून घ्या, आणि तो न देता गाई परस्पर वाटणारे लोक टूअथच्या नजरेत दरोडेखोर ठरतात हेही सांगून ठेवा. उरलेल्या गाई खेळाडूंना जरूर मिळाव्यात. त्यांना चारा कुठून घालायचा? जमीन भावकीची असते. समान पणजोबा असलेल्या पुरुषांच्या गटाच्या संमतीवाचून ती विकता येत नाही, आणि कोणाला किती गुरे चरायला सोडता येतील यावरून भाऊबंदांत तंटे होतात. दहा गाई जास्त झाल्या की त्या कोणाला तरी सांभाळायला द्याव्याच लागतात. त्या दिल्या, की कूळ मिळाले. खेळाडू लूट जमवायला निघतो आणि सरदारकीच्या वाटेला लागतो, त्याला तसे कोणी सांगितलेले नसताना.

घोडी आणि चिलखते घ्यायचीच असतील तर मेळा भरेपर्यंत थांबावे लागेल आणि लोहाराला पुरेसे लोखंड मिळावे लागेल. माझ्या मते चिलखत तर विकत मिळूच नये. ते वरिष्ठाने द्यावे आणि त्यासोबत अपेक्षाही यावी.

उंबरठा

याला एक पुरवणी. धाड शेजारच्या टूअथमध्ये असेल तर परतीच्या वाटेपेक्षा मोठी अडचण अशी, की आपल्या राज्याची सीमा ओलांडताच सामान्य माणसाचे मानमूल्य त्याला सोडून जाते. तिकडच्या लोकांशी त्याचे कोणतेही कायदेशीर नाते नसते, त्याला कोणी मारले तर भरपाई मागायला जागा नसते, आणि त्याच्या शपथेला तिथे किंमत नसते. दोन राजांत करार असेल तरच एकाचा माणूस दुसऱ्याच्या मुलखात दाद मागू शकतो. म्हणून पात्रपत्रकावर स्टेटससमोर टूअथचे नाव लिहा. बाहेर पडल्यावर ते शून्य धरा, काही ठिकाणी शून्याखाली.

शिलालेख

याला अपवाद कवी आणि धर्मगुरू यांचा. फिली सीमा ओलांडून गेला तरी त्याचा मान त्याच्याबरोबर जातो, त्याला आतिथ्य मिळते आणि त्याच्यासोबतच्या माणसांनाही त्याच्या लवाजम्यातले म्हणून संरक्षण मिळते. गुण खर्च न केलेला आपला तिसरा खेळाडू हा परमुलखात साऱ्या गटाचा परवाना आहे. त्याच्या पात्रपत्रकावर ‘क्लेम टू हॉस्पिटॅलिटी’ (आतिथ्याचा हक्क) लिहा आणि ते किती गुणांचे धरायचे हे त्याने किती राज्यांत पूर्वी स्तुतिकाव्ये म्हटली आहेत यावर ठरवा. मात्र जो कवी सकाळी एखाद्या राजाच्या घरी जेवला आणि रात्री त्याच राजाच्या गाई हाकून नेणाऱ्यांत दिसला, त्याचे पुढे काय करायचे हे धाडीच्या आधी ठरवून ठेवा, कारण आपले खेळाडू पहिल्या संधीला नेमके हेच करतील.